एका पानावर आठ

सप्टेंबर २०२३ पासून आमच्या औरंगपुऱ्यात एक प्रश्न सारखा कानावर पडतो. "नोंद सापडली का?" चहाच्या टपरीवर, जिल्हा परिषदेच्या आसपासच्या झेरॉक्सवाल्यांकडे, भाजी घेताना मंडईत, सगळीकडे तेच. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, निजामाच्या काळातले कागद हैदराबादेत शोधले जाऊ लागले, कोतवाल बुकं बाहेर आली आणि आजवर ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या मोडी वाचणाऱ्या माणसांचे दिवस पालटले. मग २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबद्दलचा शासन निर्णय आला आणि उरलीसुरली मंडळीही आजोबा-पणजोबांच्या मागे लागली.

मीही लागलो. फक्त माझ्या पणजोबांची नोंद कोतवाल बुकात शोधायची नव्हती. ती असलीच तर चर्चच्या वहीत असणार होती.

माझ्या ब्लॉगवर अधूनमधून येणाऱ्यांना ठाऊक आहे की आम्ही ख्रिस्ती. मराठी ख्रिस्ती म्हटलं की लोकांना एक तर वसई आठवते, नाहीतर रेव्हरंड टिळक. आमचं घराणं या दोन्हींत बसत नाही. आम्ही ‘इंग्लंडच्या मंडळी’चे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे. लहानपणी मला वाटायचं, आपला इंग्लंडशी काहीतरी संबंध असणार. तो संबंध म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी, थोडक्यात सीएमएस. ही संस्था १७९९ साली लंडनमध्ये निघाली आणि १८२० मध्ये मुंबईत आली. पुढे नाशिक, मालेगाव असं करत १८६० च्या सुमाराला मालेगावच्या देशी मदतनिसांमार्फत औरंगाबादेत पोचली. इथे ब्रिटिश राज्य नव्हतं, निजामाचं होतं. इंग्रजी अंमल काय तो खाम नदीपलीकडच्या छावणीत. म्हणजे राणीच्या धर्माची मंडळी निजामाच्या मुलखात, आणि ती उभी केली कुणी? रेव्हरंड रतनजी नवरोजींनी. हे मूळचे पारशी. ख्रिस्ती झाले, पाळक झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे कितीतरी वर्षं राबले. एका पारशाने मराठी माणसांना इंग्लंडच्या चर्चमध्ये घेतलं, तेही निजामाच्या राज्यात! आमच्या शहराला हे शोभतं म्हणा.

छावणीतलं क्राइस्ट चर्च १८७९ च्या सुमाराचं. औरंगपुऱ्यातून निघालं, खडकेश्वर, मिल कॉर्नर करत बारापुल्ला दरवाजातून पूल ओलांडला की छावणी. सायकलवर फार तर वीस मिनिटं. नाताळला आम्ही ते अंतर चालत जायचो, अंगावर नवे, न धुतलेले, कडक कपडे. असो.

मला जी वही पाहायची होती ती मात्र छावणीतली नाही. पणजोबांचं गाव वेगळं, तिथलं चर्चही वेगळं, लहानसं. कोणतं ते इथे लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

वहीकडे जाण्याआधी या वह्यांविषयी थोडं सांगतो, कारण मला स्वतःला त्याचं फार नवल वाटलं. आपल्याकडे वंशावळ बघायची तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. कोण, कुठला, कुणाचा मुलगा, कधी येऊन गेला, सगळं लिहिलेलं. पण तिथे नोंद होणार ती जाणाऱ्याची. नाशिकच्या काळाराम मंदिरात शिरण्यासाठी ज्यांना २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करावा लागला, त्यांच्यापैकी आम्ही. आमचे पूर्वज असल्या वहीत सापडतील अशी आशा आमच्या घरात कुणी कधी धरली नाही.

इंग्लंडात गोष्ट वेगळी होती. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या प्रत्येक गावहद्दीत, एक वही ठेवायची आणि दर रविवारी त्या आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं त्यात लिहायची. वही पेटीत. पेटीला दोन कुलपं, एक किल्ली पाळकाकडे, दुसरी गावच्या चर्च-पंचांकडे. १६०४ च्या सुमाराला कुलपं तीन झाली. म्हणजे कुणीही एकट्याने वही उघडून काही घुसडू नये, खोडू नये. आपल्याकडच्या काही कचेऱ्यांत हे तीन कुलपांचं बघायला हरकत नाही :)

लोकांना वाटलं, राजा आपल्यावर नवा कर बसवणार. जन्मलो तरी कर, मेलो तरी कर. बरीच कुजबुज झाली, तेव्हा तसलं काही झालं नाही. पण गंमत बघा, तब्बल २४५ वर्षांनी, १७८३ मध्ये, खरोखरच प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला. गरिबांना माफी होती. मग कर लागू व्हायच्या आधी पोरं उरकून घ्यायला चर्चमध्ये झुंबड! १७९४ मध्ये तो कर उठला.

त्यानंतर १८१२ चा कायदा. १८१३ पासून छापील वह्या आल्या. बाप्तिस्म्याच्या एका पानावर आठ नोंदी, न कमी न जास्त. रकाने ठरलेले : तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, आडनाव, राहण्याचं ठिकाण, धंदा, आणि विधी करणाऱ्याची सही. या छापील साच्यातून निघालेल्या वह्या बोटीत बसून हिंदुस्थानात आल्या आणि पार मराठवाड्यातल्या खेड्यात पोचल्या. साचा तयार केला इंग्लंडातल्या सुतारा-शेतकऱ्यांसाठी, आणि त्यात बसवायचे होते आमचे लोक, ज्यांना आडनाव असलंच तर गावावरून पडलेलं, आणि धंदा म्हणजे गावकी.

या नोंदींच्या नकला वर जायच्या. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नकला १७०९ पासून १९४८ पर्यंतच्या, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुख्यतः गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मंडळींच्या. आता त्या पैसे भरून घरबसल्या बघता येतात. मी एका रात्री बसलो आणि बघत राहिलो. छावणीत जन्मलेली साहेबांची पोरं. उन्हाळ्यात मेलेली साहेबांची पोरं. एकाच आडनावाची दोन-दोन. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सात समुद्रापलीकडून येऊन आठ महिन्यांचं मूल छावणीच्या मातीत ठेवून जायचं, ही साधी गोष्ट नाही. पण मनात हेही आलं की सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या आठ महिन्यांच्या मुलाचं नाव आज जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून तीन मिनिटांत सापडतं. आणि माझे पणजोबा, जे सत्तरी ओलांडून गेले म्हणतात, ते एका पत्र्याच्या पेटीत.

तर ती पेटी.

मी तीनदा गेलो. पहिल्यांदा पाळकसाहेब दौऱ्यावर, दुसऱ्यांदा किल्ली दौऱ्यावर. (तीन कुलपांचा फायदा-तोटा दोन्ही तेव्हा कळला.) तिसऱ्यांदा पेटी उघडली. वर सनडे स्कूलच्या पावत्या, एक फुटलेला स्पीकर, नाताळच्या कागदी चांदण्या, आणि खाली वह्या. आडव्या, रुंद, कातडी पाठीच्या. एक वाळवीने कोपऱ्यातून खाल्लेली, अगदी नकाशासारखी. पाळकसाहेब तरुण आहेत, भला माणूस. म्हणाले, "दादा, सावकाश बघा, मी चहा सांगतो. पानं थुंकी लावून उलटू नका तेवढं."

मला तारीख माहीत नव्हती. घरात तारखेवरूनच तर भांडण होतं.

माझ्या वडिलांची आत्या, म्हणजे आमची मोठी आजी, शेवटपर्यंत सांगायची की तिचे वडील दुष्काळाच्या आधी ख्रिस्ती झाले. ‘आधी’ या शब्दावर ती इतका जोर द्यायची की लहानपणी आम्हाला त्याचं हसू यायचं. ते का, हे मला सातवी-आठवीत कळलं. वर्गातला एक मुलगा सहज बोलून गेला, "तुम्ही तर पोटासाठी बाटलेले." सहजच. त्याच्या घरी तसंच म्हणत असणार.

दुष्काळ म्हणजे १८९९-१९०० चा. विक्रम संवत १९५६, म्हणून ‘छपन्नाचा’. १८९९ चा पावसाळा गेला, १९०० चा उन्हाळा माणसं आणि जनावरं घेऊन गेला, वर कॉलरा. मिशनने अन्न दिलं, अनाथ पोरं घेतली, हे खरंच आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून किती मुली केडगावला आणल्या, ते सर्वांना माहीत आहे. म्हणून कुणी त्या काळात ख्रिस्ती झालं की मागाहून हिशेब मांडणारे एकच हिशेब मांडतात : भाकरी इतकी, धर्म इतका.

मी १८९५ पासून पानं उलटायला लागलो. अक्षर बदलत जातं. कुणाचं तिरकं, ऐटबाज, कुणाचं शाळामास्तरासारखं. शाई तपकिरी झालेली. १८९६, ९७, ९८. नाही. मोठ्या आजीचं वाक्य माझ्या कानात होतं आणि एकेक वर्ष मागे पडत होतं. १८९९. नाही. १९०० मध्ये दफनांची वही जाडजूड, बाप्तिस्म्यांचीही पानं बरीच. मी जरा भीतभीतच बघत होतो. नाही.

मग ७ एप्रिल १९०१. घरी येऊन पंचांग तपासलं, तो ईस्टरचा रविवार. त्या दिवशी अख्खं पान, आठच्या आठ नोंदी, आणि पुढच्या पानावर आणखी पाच. पणजोबा पहिल्या पानावर सहावे.

म्हणजे दुष्काळाच्या आधी नाही. दुष्काळातही नाही. १९०० च्या पावसाने दुष्काळ मोडल्यावर आठ-नऊ महिन्यांनी. अन्नछत्रं बंद झाली असतील, ज्वारीचं एक पीक घरात आलं असेल. मग पोटासाठी कसं म्हणायचं? मी तिथल्या तिथे जिंकल्यासारखा बसलो होतो. चहा आला तो निवून गेला.

पण परत येताना एसटीत विचार करत बसलो. बाप्तिस्मा काही एका दिवसात देत नसत. आधी उमेदवारी. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार पाठ करायचे, पाळकासमोर म्हणून दाखवायचे. माणूस टिकतो का ते बघायचं. त्यात काही महिने जात, कधी वर्ष, कधी जास्त. म्हणजे एप्रिल १९०१ मध्ये जो बाप्तिस्म्याला उभा राहिला, तो मिशनच्या दारात पहिल्यांदा गेला असेल तो नेमका १९०० च्या उन्हाळ्यात. भाकरीसाठी गेला असेल आणि शिकायला राहिला असेल. किंवा पोरगं वाचलं म्हणून गेला असेल. किंवा कुणीतरी त्याला बाकावर आपल्याशेजारी बसवलं, एवढ्यासाठीही. वहीत ‘कारण’ असा रकाना नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने तो ठेवलाच नाही, आणि बरंच केलं.

रमाबाईंचंच बघा. त्यांचा आणि लहानग्या मनोरमाचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेजला झाला, २९ सप्टेंबर १८८३ ला, याच चर्च ऑफ इंग्लंडमध्ये. तारीख पक्की. पण त्या दिवसानंतर रमाबाई तिथल्या भगिनींशी, सिस्टर जेराल्डिनशी, धर्ममतांवरून किती वाद घालत होत्या, ते त्यांच्या छापलेल्या पत्रव्यवहारात वाचावं. बाई कुणाच्या ताब्यात गेल्याच नाहीत. नुसती नोंद वाचणारा म्हणेल, एक हिंदू विधवा अँग्लिकन झाली. संपलं. आणि एवढ्या शिकलेल्या, लिहित्या बाईच्या मनाची जर ही गत, तर अंगठा उठवणाऱ्या माझ्या पणजोबांच्या मनाचा पत्ता मला एका ओळीवरून कसा लागणार?

धंद्याच्या रकान्याचं सांगायचं राहिलं. त्या पानावर पहिल्या नोंदीत, रोमन अक्षरांत, ‘येसकर’ असं लिहिलंय. येसकर म्हणजे गावच्या वेशीवरचा राखणदार, महारकीतलं काम. भाकरी मागून आणायची, निरोप पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं. लिहिणाऱ्याने त्याला इंग्रजी शब्द शोधण्याची खटपट केली नाही, हे मला आवडलं. पण दुसऱ्या नोंदीपासून पुढे त्या रकान्यात नुसतं ‘डिट्टो’. खाली डिट्टो. खाली डिट्टो. सहाव्या ओळीत माझे पणजोबा, डिट्टो. पिढ्यान् पिढ्यांची वेठ, आणि ती लिहायला शाईचे दोन फटकारे.

नावाचंही तसंच. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा, म्हणून जुनं नावही लिहिलेलं होतं. आमच्यापैकी कुणालाही ते ठाऊक नव्हतं. ते धोंडी, दगडू, केरू, उकिरडा असल्या जातकुळीतलं निघालं. पोरं जगत नसली की असं नाव ठेवायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि सटवाई फसते. म्हणजे या माणसाच्या आधीची भावंडं गेली होती, एवढं त्या एका शब्दावरून कळतं. आणि शेजारच्या रकान्यात बायबलमधलं चकचकीत नवं नाव. शरणपूर आठवलं. नाशिकजवळच्या शरणपूरला १८५० च्या दशकात सीएमएसने अनाथाश्रम काढला होता. अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं तिथे वाढवली. त्यांना इंग्रजी नावं दिली. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं हृदय तिथेच पुरलं, आणि त्यावर दफनविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या विद्यार्थ्याने. पुढे देह इंग्लंडला नेला, १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा जेकब पेटी धरणाऱ्यांत होता. जगभर त्याचं नाव झालं. पण ते नाव त्याच्या आईने ठेवलेलं नव्हतं. माझ्या पणजोबांचं जुनं नाव निदान त्याच ओळीत शेजारी लिहून ठेवणारा कुणीतरी भेटला. एवढ्यासाठी मी त्या अज्ञात कारकुनाचा ऋणी आहे, डिट्टो माफ.

समासात एक बारीक ओळ होती, मोडीत. मला मोडी येत नाही. फोटो काढला आणि एका मोडीवाचकांकडे गेलो. एरवी हे गृहस्थ दारात बसून ‘या, या’ म्हणायचे, आता त्यांच्याकडे रांग. कुणबी नोंदींची कामं हातात, माझी पाळी तीन आठवड्यांनी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि पाच सेकंदांत वाचलं : "हल्ली मुक्काम छावणी." पैसे घेतले नाहीत. "चर्चच्या वहीत मोडी! पहिल्यांदाच बघतोय," एवढंच म्हणाले.

आम्ही आजवर समजत होतो की शहरात पहिले आले ते माझे आजोबा, रझाकारांच्या दिवसांत. तर नाही. पणजोबाच आले होते. वेशीची राखण सोडून छावणीत. मोतद्दार म्हणून, माळी म्हणून, कोण जाणे. पण येसकरकी सोडली होती. माझ्या दृष्टीने त्या सगळ्या ओळीत महत्त्वाचं काही असेल तर हे समासातलं. छापील रकान्यांनी सांगितलं की तो कोण होता. समासाने सांगितलं की तो तिथे राहिला नाही.

आता गावाचं आणि चर्चचं नाव का लिहीत नाही ते.

आमचं घराणं १९५६ नंतर दोन झालं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे, छावणीच्याच बाजूला, मिलिंद महाविद्यालय काढलं. आजोबांचा धाकटा भाऊ त्या वातावरणात वाढला आणि नागपूरच्या दीक्षेनंतर बौद्ध झाला. मोठा, म्हणजे माझे आजोबा, चर्चमध्येच राहिले. भांडण नाही. नाताळला ते आमच्याकडे, चौदा एप्रिलला आम्ही त्यांच्याकडे, करंज्या दोन्हीकडे. पण सरकारी कागदावर हे दोन भाऊ फार लांब गेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. आम्ही महाराष्ट्रात ओबीसीत. पणजोबा एक, येसकरकी एक, डिट्टो एक, आणि नातवंडांचे दाखले दोन.

माझ्या चुलतभावाच्या मुलीचं जात पडताळणीचं काम चालू आहे. त्या समितीपुढे पूर्वजांचे जुने कागद ठेवावे लागतात, शाळेचे दाखले वगैरे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात अनुसूचित जातीचा दाखला नाकारला, त्यात अर्जदाराच्या बाप्तिस्म्याची नोंद हाही पुरावा होता. आमची गोष्ट तिच्यासारखी नाही. मुलगी, तिचे वडील, आजोबा, कुणाचं नाव कुठल्या चर्चच्या वहीत असण्याचा प्रश्नच येत नाही. वकील म्हणतात काळजी नको. पण वकील म्हणतात काळजी नको, तेव्हा माणूस जास्तच काळजी करतो.

मी मोठ्या उत्साहाने भावाला फोन केला होता, "नोंद सापडली!" औरंगपुऱ्यात सध्या या वाक्यावर पेढे वाटतात. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "दादा, तू लिहिणार ना हे ब्लॉगवर?" म्हटलं, लिहिणार. "मग गावाचं नाव लिहू नकोस. नावंही नको." मला राग आला. माझा पणजोबा, माझी नोंद, सव्वाशे वर्षांनी सापडली, आणि लपवू? काय चोरी केली त्याने? दोन दिवस आम्ही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मला ते दृश्य दिसलं : माझाच ब्लॉग, माझाच लेख, त्याची प्रिंट, कुणाच्या तरी टेबलावर. तीस-चाळीस लोक वाचतात माझा ब्लॉग, त्यातले अर्धे नात्यातले. पण गूगल सगळं वाचतं. मी भावाला फोन केला आणि म्हटलं, नाही लिहीत. हा लेख म्हणून असा आहे, नावागावावाचून. इतिहासाच्या लेखात नेमकं हेच असू नये, मान्य आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी घरी या, फोटो दाखवतो.

फोनवर त्याने आणखी एक विचारलं. "आईचं नाव आहे का रे तिथे? म्हणजे पणजोबांच्या आईचं?"

आहे. हेच तर त्या छापील साच्याचं कौतुक. १८१३ पासून त्यात बापाइतकीच आईच्या नावाला जागा. आपल्या सरकारने आईचं नाव कागदोपत्री बंधनकारक केलं ते १ मे २०२४ पासून. आमच्या घराण्यात त्या बाईला कुणी नाव घेऊन कधी आठवलेलं नव्हतं. तिची पोरं जगत नव्हती, म्हणून तिने मुलाला दगडाधोंड्याचं नाव दिलं. तो जगला, म्हणून आम्ही आहोत. तिचं स्वतःचं नाव मात्र सुरेख आहे, नदीवरचं.

भाऊ म्हणाला, "तेवढाच चौकोन पाठव."

मी फोटो कापून तेवढा चौकोन पाठवला. आजूबाजूचं काही नाही, ना तारीख, ना डिट्टो. नुसतं तपकिरी शाईतलं तीन अक्षरांचं नाव. ते त्याने घरातल्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली लावायला मोठं करून घेतलंय, औरंगपुऱ्यातल्याच झेरॉक्सवाल्याकडून.

पाळकसाहेबांचा काल मेसेज आला होता. पेटीत वाळवी पुन्हा दिसतेय. शनिवारी जायचंय, कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या आणि मांजरपाटाचा एक तागा घेऊन. पेटीला कुलूप एकच आहे. एक नवीनही घेऊन जाईन म्हणतो.